गाळलेले इशारे

सकाळी साडेसातला तिने पडद्यावर मेमरीचा आलेख उघडला आणि चहाचा कप हातात धरून ती तशीच उभी राहिली. रेघ चढत होती. रेघ चढते हे तिला नवीन नव्हतं. गेली चार वर्षं ती दर आठवड्याला चढत आली होती, पण एखाद्या म्हाताऱ्याने जिना चढावा तशी, दम खात. गेल्या तीन दिवसांत मात्र रेघेला मागून कुणीतरी ढकलत असल्यासारखं दिसत होतं.

खाणीत चाळीस ठिकाणी गॅस मोजणारे सेन्सर बसवलेले होते. तिने लिहिलेला प्रोग्राम दर सेकंदाला त्या चाळीस जागांचे आकडे वाचायचा आणि वरच्या नियंत्रण कक्षात दाखवायचा. आकडा एका टक्क्यावर गेला की खाली आणि वर एकदमच भोंगा वाजायचा. एवढंच काम, आणि ते तो रात्रंदिवस चोख करायचा. खोड एकच होती. जसजसे दिवस जात तसतशी त्याला जास्त जास्त मेमरी लागायची. याला मेमरी लीक म्हणतात. नाव जरा फसवं आहे. गळत काहीच नाही, उलट साचत जातं. एखाद्याने काम करताना कागद घ्यावा, वापरावा आणि टाकून न देता टेबलावरच ठेवावा, मग दुसरा घ्यावा, तसं. एक दिवस टेबलावर हात टेकायलाही जागा उरत नाही.

यावर नियंत्रण कक्षाने आपला उपाय शोधलेला होता. रविवारी खाण बंद असायची. तेव्हा प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करायचा, की टेबल लख्ख. त्याला सगळे 'आंघोळ' म्हणत. "आंघोळ झाली का त्याची?" असं रविवारी दुपारी कुणीतरी फोनवर विचारायचं आणि तेवढ्यावर भागायचं. मुळापासून दुरुस्त करायचं तिच्या यादीत होतं. यादीत ते नेहमी चौथं किंवा पाचवं असायचं.

गेल्या रविवारपासून खाण सातही दिवस चालू ठेवायचं ठरलं. आंघोळ चुकली. आज बुधवार, दहावा दिवस.

"वहिनी, तुमच्या पोराला पुन्हा अजीर्ण झालं वाटतं?"

दारात तिचा धाकटा दीर उभा होता. डोक्यावर हेल्मेट, त्यावर दिवा, हातात हातमोजे. खाली उतरण्यापूर्वी तो रोज पाच मिनिटं इथे डोकावायचा. नवरा दुसऱ्या गावी शिकवायला होता, त्यामुळे घरचे निरोप यानेच आणायचे आणि न्यायचे, असा रिवाज पडून गेला होता.

"आज शोधते नेमकं काय खातंय ते," ती म्हणाली. "भाऊजी, चहा?"

"नको. आईने सांगितलंय, संध्याकाळी लवकर या. तुम्ही कॉम्प्युटरशी लग्न लावलंय असं तिचं मत आहे. मी म्हटलं, तो निदान उलटून बोलत नाही."

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून पापणीकाका हसले. चाळीस आकड्यांसमोर आठ-आठ तास बसणं हे त्यांचं काम, आणि बसल्या जागी त्यांची पापणी लवत नाही म्हणून सगळ्यांनी ठेवलेलं हे नाव. त्यांचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे उरलं नव्हतं.

"तुझ्या सातव्या बोगद्यात कसं काय?" त्यांनी विचारलं.

"झकास. आमचा जावई आहे ना सोबतीला."

"कोण जावई?"

"सतरा नंबरचा सेन्सर. बरोब्बर डोक्यावर लटकलाय. काम ना धाम, नुसता वर बसलाय ऐटीत. आणि हल्ली दिवसभर पिवळा डोळा मारतो. आमच्यात एकही बाई नाही, तरी मारतो."

"डोळा मारतो म्हणजे?" तिने मान वळवून विचारलं. पण तेवढ्यात खाली उतरणाऱ्यांची घंटा झाली आणि तो "सांगतो संध्याकाळी" म्हणत पळाला. तिने सतराचा आकडा पाहिला. शून्य पूर्णांक चार. शांत. दिव्यावर धूळ बसली असेल, असं मनात म्हणून ती कामाला लागली.

मेमरी कशाने भरते हे बघायला तिच्याकडे दोन हत्यारं होती. पहिलं हलकं. ते प्रोग्रामला न थांबवता नुसती मोजदाद करायचं: मेमरीत अमक्या जातीच्या वस्तू इतक्या, तमक्या जातीच्या तितक्या. आत काय आहे ते त्यातून कळत नसे, फक्त संख्या कळायची. तिने साडेआठला एकदा मोजदाद घेतली, नऊला दुसऱ्यांदा, आणि एकातून दुसरी वजा केली. जे प्रोग्रामच्या रोजच्या वापरातलं होतं ते दोन्हीकडे सारखंच होतं, ते वजाबाकीत निघून गेलं. एकच ओळ उरली.

प्रतीक्षा-चिठ्ठी. अर्ध्या तासात एक्केचाळीसने वाढ. एकूण नऊ हजार दोनशे सहा.

ते नाव तिनेच ठेवलेलं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. खाली धूळ दाबायला पाण्याचे फवारे मारत आणि पाणी सेन्सरच्या तोंडावर उडालं की आकडा क्षणभर उसळायचा. भोंगा वाजायचा. तासाला दोनदा, कधी चारदा. "या भोंग्याचं काहीतरी कर गं बाई," तेव्हा पापणीकाकाच म्हणाले होते. "माणसं आता मान वर करूनही बघत नाहीत. खरंच काही झालं तरी हलायची नाहीत." तिला ते पटलं. तिने एक गाळणी लिहिली. आकडा एका टक्क्यावर गेला की लगेच भोंगा वाजवायचा नाही. एक चिठ्ठी लिहून दहा सेकंद थांबायचं. दहा सेकंदांत आकडा उतरला तर ते पाणी समजायचं. भोंगा नाही, नोंद नाही, आणि पडद्यावरही तोवर जुनाच आकडा ठेवायचा, म्हणजे बघणाऱ्याचा जीव उगाच वरखाली व्हायला नको. दहा सेकंदांनंतरही वर राहिला तरच भोंगा. खाणप्रमुखांनी सही केली. सगळे खूश झाले. फवाऱ्यांच्या जागा पुढे वर्षभरात बदलल्या, पाणी उडायचं थांबलं, पण गाळणी तशीच राहिली.

तिने तो जुना मजकूर उघडला. चूक शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. भोंगा वाजला की चिठ्ठी फाडून टाकायची, हे तिने लिहिलेलं होतं. इशारा गाळला तर चिठ्ठी फाडायची, हे लिहायचं राहून गेलं होतं. प्रत्येक चिठ्ठीला मागच्या तासाभराचे चाळीसही सेन्सरचे आकडे टाचलेले, म्हणून ती जड.

चूक सापडली की तिला एरवी बरं वाटायचं. आज ती खुर्चीत ताठ बसून राहिली. गाळलेल्या इशाऱ्यांचा दुसरा कुठलाच हिशेब कुठे ठेवलेला नव्हता. नोंदवही स्वच्छ होती, पडदा शांत होता. जे काही गाळलं गेलं, त्याची आठवण फक्त या न फाडलेल्या चिठ्ठ्यांत होती. दहा दिवसांत नऊ हजार दोनशे सहा वेळा कुठल्या तरी सेन्सरचा आकडा एका टक्क्यावर गेला होता आणि दहा सेकंदांच्या आत उतरला होता. आणि तो पाण्याने गेला नव्हता.

सेन्सरच्या अंगावर एक छोटा पिवळा दिवा असतो. तो तिच्या प्रोग्रामला विचारत नाही. आकडा एका टक्क्यावर गेला की तो आपला आपण लागतो.

साडेनऊला तिने तिसरी मोजदाद घेतली. वाढ त्रेसष्ट.

खाणप्रमुखांची खोली अंगणापलीकडे होती. ते मोजकं बोलणारे, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं, मधे एकदाही तोडलं नाही.

"नोंदवहीत काही आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. नोंदवहीत येऊच नये अशीच सोय आहे."

"सतरा नंबरच, हे कशावरून?"

"तिथल्या माणसांना दिवा लागताना दिसतो. पण खात्रीने सांगता येणार नाही. मेमरीचा पूर्ण डम्प घ्यावा लागेल, म्हणजे आत जे जे आहे ते सगळं डिस्कवर उतरवायचं. मग प्रत्येक चिठ्ठी उघडून वाचता येईल."

"घ्या मग."

"तेवढा वेळ प्रोग्राम थांबतो. मेमरी इतकी फुगलीये की दहा-अकरा मिनिटं जातील. त्या वेळात कुणाचंच लक्ष नसेल. म्हणून म्हणते, आधी माणसं वर घ्या."

ते थोडा वेळ पेपरवेट फिरवत राहिले. "चौसष्ट माणसं वर घ्यायची, कारण तुमच्या प्रोग्राममध्ये तुमच्याच हातून काहीतरी राहिलंय. असंच ना?"

"असंच."

"बाई, रागावू नका. पण आजार तुमच्या प्रोग्रामचा आहे, खाणीचा नाही. चारला पाळी बदलेल तेव्हा त्याला आंघोळ घाला. मग निवांत दुरुस्त करा."

"आंघोळ घातली तर चिठ्ठ्या जातील."

"जाऊ देत की. नव्या येतील." ते उठून उभे राहिले. "तुमचे दीर सातव्यातच आहेत ना? माणूस काळजीत असला की त्याला आकड्यांतही माणसं दिसायला लागतात."

परत येताना अंगण ओलांडायला रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागला. नियंत्रण कक्षात आल्यावर तिने मोजदाद घेतली. वाढ अठ्ठ्याऐंशी.

एक्केचाळीस, त्रेसष्ट, अठ्ठ्याऐंशी. चारपर्यंत सहा तास होते.

"काय म्हणाले?" काकांनी पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

"चार वाजता आंघोळ," ती म्हणाली आणि डम्पचं सगळं त्यांना सांगितलं.

"आणि तुझं काय म्हणणं?"

भिंतीवर काचेच्या चौकटीत नियम लावलेले होते. ते तिने शेकडो वेळा पाहिले होते, वाचले कधीच नव्हते. आज वाचले. सहावा नियम असा होता: गॅसचे आकडे सलग पाच मिनिटं मिळाले नाहीत, तर नियंत्रण कक्षातल्या माणसाने कुणालाही न विचारता सगळ्यांना वर बोलवायचं, आणि बोलावल्यावर शेवटचा माणूस वर आल्याशिवाय कुणालाही खाली पाठवायचं नाही.

ती वाचत राहिली तशी काकांनी तिच्या नजरेचा माग काढला.

"तुझं ते यंत्र किती वेळ थांबतं म्हणालीस?"

"अकरा मिनिटं."

"मधेच नाही आवरता येत?"

"एकदा सुरू केलं की नाही."

"आणि त्या अकरा मिनिटांतच खाली काही झालं तर?"

"तर भोंगा वाजणार नाही," ती म्हणाली. "आणि ते मी केलेलं असेल."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मला यातलं काही सांगू नकोस. मी अडाणी माणूस. आकडे हलायचे थांबले की मी घड्याळ बघणार, एवढंच मला कळतं."

साडेदहाला तिने आज्ञा लिहिली. बोट बटणावर ठेवल्यावर तिच्या मनात आलं, सांगून करणं आणि न सांगता करणं यात फरक आहे. मग दुसरं मनात आलं, सांगून झालं आहे. तिने बटण दाबलं.

काहीच झालं नाही असं वाटावं, असं झालं. चाळीस आकडे जिथे होते तिथेच राहिले. सतरा: शून्य पूर्णांक चार. पडदा विझला असता, लाल झाला असता, तर निदान सोसलं असतं. थिजलेला आकडा आणि सुखरूप आकडा अगदी एकसारखे दिसतात, हे तिला पहिल्यांदाच इतकं जवळून कळत होतं. डिस्कची घरघर तेवढी चालू होती.

"एक," काका म्हणाले.

तिने मनातल्या मनात बोगद्याचा नकाशा उलगडला. माणसांना खालीवर नेणाऱ्या पिंजऱ्यापासून सातव्या बोगद्याच्या टोकापर्यंत चालत चौदा मिनिटं. पाच मिनिटं वाट बघायची, मग चौदा, मग पिंजऱ्याच्या फेऱ्या.

"दोन."

प्रोग्राम चालू असताना निदान अकराव्या सेकंदाला भोंगा वाजला असता. आता अकरावा सेकंद नव्हताच.

"तीन. पाणी पी जरा."

"नको."

"चार. तुझा दीर लहान असताना इथे यायचा, बापाचा डबा घेऊन. खाली हवा सोडणाऱ्या त्या मोठ्या पंख्याला घाबरायचा. म्हणायचा, तो श्वास घेतो." काकांनी फोन जवळ ओढला. "पाच."

मग त्यांनी फोन उचलला आणि तिने कधी न ऐकलेल्या, कोरड्या आवाजात एकेका बोगद्याला सांगितलं: आकडे बंद, सगळे वर या, हत्यारं जागेवर ठेवा. सातव्या बोगद्याचा फोन पाच वेळा वाजला तरी उचलला गेला नाही. सहाव्या घंटेला उचलला. पलीकडून कुणीतरी काहीतरी थट्टा केली असावी. "हसतोस काय," काका ओरडले, "पाय उचल!"

खाणप्रमुख धावत आले तोवर पहिला पिंजरा वर आला होता. त्याच सुमाराला आकडे हलले. अकरा मिनिटं वीस सेकंद.

"सुरू झालं ना?" ते धापा टाकत म्हणाले. "मग थांबवा हे. उतरू द्या सगळ्यांना."

"सहावा नियम, साहेब," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "शेवटचा माणूस वर आल्याशिवाय नाही."

प्रमुखांनी तिच्याकडे पाहिलं. "हे तुम्ही जाणूनबुजून केलंत."

"हो," ती म्हणाली आणि डम्प उघडला.

चिठ्ठ्या एकाखाली एक लागायला चार मिनिटं गेली. नऊ हजार साडेचारशेच्या वर. तिने सेन्सरच्या नंबराप्रमाणे गट पाडले. वीस-बावीस किरकोळ, इकडच्या तिकडच्या. बाकी सगळ्या सतरा नंबरच्या. मग तिने प्रत्येक चिठ्ठीतून दोनच गोष्टी काढल्या, आकडा किती वर गेला आणि किती सेकंद वर राहिला, आणि त्या वेळेप्रमाणे मांडल्या.

दहा दिवसांपूर्वी: एक पूर्णांक एक टक्का, दोन सेकंद. सहा दिवसांपूर्वी: एक पूर्णांक तीन, चार सेकंद. परवा सहा सेकंद. काल सात. आज सकाळपासून दोन पूर्णांक एक, आठ सेकंद. आठ. नऊ. आठ. नऊ. नऊ. नऊ.

प्रमुख तिच्या खांद्यामागून वाचत होते. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "दहाच्या वर एकही नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. "दहा हा आकडा खाणीला माहीत नाही. तो मी ठरवला होता."

"त्यावर सही माझी आहे," ते हळूच म्हणाले. तिला वाटलं त्याहून हळू.

अकरा वाजून पाच मिनिटांनी शेवटचा पिंजरा वर आला. दीर आत आला तो हेल्मेट काखेत घेऊनच. "काय वहिनी, म्हणे तुमच्या पोराने मान टाकली! आमचं डोकं दुखत होतं सगळ्यांचंच, म्हटलं बरं झालं, सुट्टी..." त्याने तिघांचे चेहरे पाहिले आणि वाक्य अर्धंच सोडलं. मग तो पडद्याजवळ आला. त्याला आकड्यांची भाषा येत नव्हती, पण पहिल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सतरा, सतरा, सतरा हे कुणालाही वाचता आलं असतं.

"हे आमचं आहे?"

"हो."

"कधीपासून?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. "दहा दिवसांचं हातात आहे," ती म्हणाली. "त्याआधीचं दर रविवारी पुसलं जायचं. भाऊजी, ही गाळणी मी लिहिलीय. दिवा तुम्हाला दिसत होता, तो मला दिसायला हवा होता."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं ओळखीच्या घरात एखादी खोली कधी पाहिलीच नव्हती असं अचानक लक्षात यावं. मग तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बाहेर अंगणात त्रेसष्ट माणसं गटागटाने उभी होती. कुणी बाटलीतून पाणी पीत होतं, कुणी कपाळ दाबून बसलं होतं. अजून त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

"पंख्यावाल्यांना बोलवा," प्रमुख फोनवर म्हणाले. "आणि फाटक बंद करा. नाही, कुणीही नाही. मी सांगेपर्यंत कुणीही खाली नाही."

काकांनी मोठी नोंदवही पुढे ओढली. वेळ लिहिली, माणसांची संख्या लिहिली, आणि पेन थांबवलं. "कारण काय लिहू? आकडे बंद पडले, एवढंच लिहू?"

प्रमुखांनी खाली पाहिलं. तिने वही आपल्याकडे वळवली, काकांच्या हातून पेन घेतलं. पण लिहिण्याआधी ती एकदा कीबोर्डकडे वळली. जिथे दहा होतं तिथे तिने शून्य केलं.

मग ती लिहू लागली. गाळणी काय करत होती, कुणी लिहिली, कुणी मागितली, कुणी सही केली, चूक नेमकी कुठे होती. सरळ, सुटसुटीत वाक्यं, एकही विशेषण नाही. पहिलं वाक्य पुरं होण्याआधी भोंगा वाजला आणि थांबला. अंगणातली माणसं वर बघू लागली. दुसऱ्या वाक्यात पुन्हा वाजला. दीर खिडकीशी उभा राहून तोंडातल्या तोंडात सेकंद मोजत होता, हे तिला वळून न पाहता कळत होतं. सात. आठ. थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो नऊपर्यंत आला.

चौथ्यांदा वाजला, तेव्हा तो मोजत राहिला. दहा. अकरा. बारा. तिने पेन खाली ठेवलं. अंगणात कुणीतरी मोठ्याने काहीतरी विचारलं, आणि सगळी माणसं एकेक पाऊल मागे सरकत पिंजऱ्यापासून लांब जाऊ लागली. वीस. एकवीस. भोंगा वाजतच होता.